बोरिंगचं पाणी

कोंबडी अंगणवाडीच्या दारातून आत आली, खिचडीच्या पातेल्याला धडकली आणि फडफडत बाहेर पळाली. तिच्या मागे एकच पोरगा धावला. बाकीची वीस-बावीस पोरं बसल्या जागेवरून हसत राहिली.

वजनाचा दिवस होता. आड्याला काटा टांगून मी एकेक लेकरू झोळीत घालत होते आणि आकडा रजिस्टरात लिहीत होते. मास्तर आले नव्हते, म्हणून शाळेची पोरंही येऊन भिंतीला टेकून बसली होती. धावला तो भीमा, आयतीबाई टेकामचा नातू, आठ वर्षांचा. कुडाला वळसा घालून, शेणखताच्या ढिगावरून उडी मारून तो गेला आणि कोंबडी काखेत धरून परत आला. हसला तेव्हा त्याचे नवे आलेले पुढचे दात दिसले. पांढरे, गुळगुळीत. मी सहज बाकीच्यांकडे पाहिलं. मोठ्या पोरांच्या दातांवर मातकट पट्टे होते. काहींचे दात काठाला कुरतडल्यासारखे झाले होते.

हे दात मी रोज पाहत होते. सगळ्यांचेच सारखे म्हणून कधी डोळ्यांत भरले नव्हते.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी, प्रमिला वाढई, तेव्हा सावरपोडावर अंगणवाडी सेविका होते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. आमच्या यवतमाळकडच्या डोंगरात असे कितीतरी पोड आहेत. सावरपोडावर तीस-बत्तीस घरं होती. मी खालच्या गावात राहायची आणि रोज सकाळी दोन मैलांची चढण चढून वर जायची. त्याला बारा वर्षं होत आली होती.

भिंतीशी बसलेल्या पोरांत मुक्ता आत्रामची सुमन होती, भीमाच्याच वयाची. तिचे गुडघे चालताना एकमेकांना घासत आणि पावलं बाहेर फेकली जात. उठताना ती आधी हात जमिनीला लावायची, मग गुडघ्याला, मग भिंतीला. चार वर्षांची होती तोवर ती नीट चालायची. मी तिला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दूध, अंडी खाऊ घाला म्हणून सांगितलं. अख्ख्या पोडावर दुभती जनावरं दोन होती. मी तिचं नाव कुपोषितांच्या यादीत घातलं आणि तिच्या ताटात खिचडीचा एक डाव जास्त वाढायला लागले. पुढच्या दोन वर्षांत आणखी पाच पोरांचे पाय तसे झाले. पोडावरचे लोक म्हणत, वारं लागलं. मी म्हणायची, खायला कमी पडतं. दोघांनीही त्यापुढे काही शोधलं नाही.

त्या दिवशी रजिस्टर मिटलं आणि मी आयतीबाईच्या घरी गेले. बुढी बांबू सोलत बसली होती. नातवाला काय खाऊ घालता, असं मी विचारलं. ती म्हणाली, सगळे खातात तेच, ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी. अंडी? कोंबड्या विकायला असतात. दूध? ती नुसतीच हसली. मी उठणार तेवढ्यात तिच्या दाराशी दोन भरलेल्या घागरी दिसल्या. बोरिंग तिच्या घरापासून वीस पावलांवर. पण घागरींच्या तोंडावर पळसाची पानं झाकलेली होती, लांबून पाणी आणताना डचमळू नये म्हणून झाकतात तशी.

मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "झऱ्याकाठच्या विहिरीचं हाये. त्या बोरिंगचं पाणी मले राखेवानी लागते. माह्या जिभेले नाई चालत. लोकं हासतात, बुढी येडी झाली म्हनतात. हासू दे."

तिचा मुलगा आणि सून कामाला आंध्रात गेले होते. नातू तान्हेपणापासून तिच्याजवळ, तिच्याच घागरीचं पाणी पिऊन वाढलेला.

पुढचे तीन दिवस मी पोषण आहार वाटून झाला की घरोघर फिरले. लहानमोठ्या सगळ्यांना तोंड उघडायला लावलं. बायका हसत होत्या, बाईला आज काय झालंय म्हणत होत्या. मी वहीत नाव, वय आणि दात कसे ते लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी वही पुढे घेऊन बसले. पंधरा-सोळा वर्षांच्या वरचे जे होते, त्यांचे दात पांढरे. त्याखाली उतरलं की पट्टे सुरू. दहा वर्षांखाली एक भीमा सोडला तर कुणीच सुटलं नव्हतं. म्हाताऱ्यांचे दात चांगले होते, पण त्यांच्या कमरा धरल्या होत्या. दोन-तीन जणांना मान वळवता येत नव्हती.

बोरिंग होऊन नऊ वर्षं झाली होती.

ते बोरिंग मी आणलं होतं. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पोडावर हगवणीची साथ आली. तेव्हा सगळे झऱ्याकाठच्या विहिरीचंच पाणी पीत. विहिरीला कठडा नव्हता, गुरंढोरं काठाशीच उभी राहत. आठवड्यात चार लेकरं गेली. त्यात मुक्ताचा पहिला मुलगा होता, अडीच वर्षांचा. तो माझ्यासमोर गेला. त्यानंतर मी अर्ज लिहिले, पोडावरच्या लोकांचे अंगठे घेतले, तालुक्याला नऊ चकरा मारल्या. एका साहेबाच्या खोलीबाहेर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. पुढच्या वर्षी मशीन आली. दोनशे फुटांवर पाणी लागलं. लोकांनी नारळ फोडला, हापशाच्या दांड्याला हळदकुंकू लावलं, आणि पहिली घागर मुक्तानं भरली. त्या दिवसापासून पोडावर हगवणीनं एकही लेकरू गेलं नाही. मला त्याचा अभिमान होता. मी तो लपवतही नव्हते.

मी पाच लिटरचा कॅन बोरिंगवर भरला, एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेले आणि पाणी तपासतात तिथे दिला. अठरा दिवसांनी कागद आला. पाण्यात फ्लोराइड नावाचं काहीतरी असतं, ते दीडच्या आत असायला हवं. आमच्या पाण्यात ते साडेपाच होतं. खाली लिहिलं होतं, पिण्यास अयोग्य. मी कागद घेऊन पुन्हा गेले. तिथल्या एका तरुण इंजिनिअरानं मला नीट बसवून समजावलं. हे जमिनीच्या पोटातल्या खडकातून येतं, खोल गेलं की जास्त. दात आणि हाडं धरतं, वाढत्या पोरांची आधी. उथळ विहिरीत बहुतेक नसेल. मी विचारलं, उकळलं तर? तो म्हणाला, उकळून जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं.

नऊ वर्षं मी पोडावरच्या प्रत्येक आईला सांगत होते की लेकराला पाणी उकळून द्या.

बोरिंग बंद करायला माणूस पाठवतो, असं त्यानं सांगितलं. माणूस आला नाही. कागद माझ्याजवळ होता. मी तो पोडावर कुणाला दाखवला नाही. चैत्र लागला होता. झऱ्याकाठची विहीर उताराखाली अर्ध्या कोसावर, तिच्यात पाणी गुडघाभर. तीस घरच्या बायकांना मी काय सांगणार होते? उद्या जाऊ, परवा सांगू, असं करत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत पोरं तेच पाणी पीत होती आणि मी ते पाहत होते.

दहाव्या दिवशी मुक्ता तिच्या धाकट्याला घेऊन वजनाला आली. सुमननंतर दोन पोरं पोटातच गेली होती, मग हा झाला होता. पोडाच्या प्रमुखानं, लेतू नाईकानं, त्याचं नाव मारोती ठेवलं होतं. सात महिन्यांचा, अंगानं भरलेला. मुक्ता म्हणाली, आता याला वरचं सुरू करायचं आहे. पेज करू का? पाणी उकळूनच घालते, तुम्ही सांगितलं होतं तसं.

मला हो म्हणता आलं नाही. मी तिला खाली बसायला सांगितलं आणि पिशवीतून कागद काढला.

तिला वाचता येत नव्हतं. मी सांगत गेले, ती ऐकत गेली. मध्ये तिनं एकदा वळून सुमनकडे पाहिलं. मग कागद माझ्या हातून घेऊन ती उठली आणि थेट लेतू नाईकाकडे गेली. त्याच दिवशी उन्हं कलल्यावर सगळा पोड बोरिंगजवळ जमला.

लोक माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. नाईक साठीचा होता, कमी बोलणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "विहिरीनं चार लेकरं नेली, बाई. ह्या बोरिंगनं एक तरी नेलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग?"

मी इंजिनिअरानं सांगितलं होतं ते सांगू लागले, पण ते शब्द तिथे उभे राहीनात. खडक, हाडं, दीड आणि साडेपाच. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. एकीनं विचारलं, दात पिवळे झाले म्हणून कुणी अर्धा कोस घागर वाहते का? तेवढ्यात मारोती रडायला लागला. सुमन बोरिंगच्या ओट्याला टेकून बसली होती, ती त्याला घ्यायला उठली. एक हात ओट्याला, एक गुडघ्याला. मग दांडा धरला. दांडा तिच्या भारानं खाली आला आणि ती पुन्हा बसली. दुसऱ्यांदा उठली. कुणीही तिला हात दिला नाही, कारण ती रोजच तशी उठत होती. पण त्या वेळी सगळे तिच्याकडेच पाहत होते.

नाईक म्हणाला, विहीर आधी साफ करू, मग बोलू.

चार दिवस पोड विहिरीत उतरला. गाळ काढला, झऱ्याची वाट मोकळी केली, दगडमातीचा कठडा रचला, गुरांसाठी खालच्या अंगाला वेगळा डोह केला. मीही टोपली घेऊन रांगेत उभी होते. दवाखान्यातून पावडर आणली, विहिरीत किती टाकायची ते नाईकाच्या पोरीला शिकवलं. पाण्याचा नमुना धाडला, त्याचं उत्तर चांगलं आलं. मग नाईकानं स्वतः पाना लावून बोरिंगचा दांडा काढला आणि घरात नेऊन ठेवला. तिथेच राहू दिला तर लहान पोरं हापसतील आणि पितील, असं तो म्हणाला. बायका घागरी घेऊन उतरणीला लागल्या. दोघी-तिघींनी माझ्याशी बोलणं सोडलं. आयतीबाई तेवढी रोज त्यांच्या पुढे चालायची.

तीन आठवडे सुरळीत गेले. चौथ्या आठवड्यात मारोतीला हगवण लागली.

मी सकाळी पोहोचले तेव्हा मुक्ताच्या दाराशी माणसं उभी होती. पोर मलूल पडलं होतं, टाळू आत गेली होती, डोळे खोल. रात्रीपासून सात वेळा झालं होतं. दवाखाना आठ मैल, गाडी मिळायला दुपार होणार. माझ्याजवळ जलसंजीवनीच्या दोन पुड्या होत्या. मी मुक्ताला म्हटलं, अंगावर पाजत राहा आणि हे चमच्या-चमच्यानं दे, थांबू नको.

नाईक आला. त्याच्या हातात बोरिंगचा दांडा होता. तो सरळ मुक्ताजवळ गेला. मुक्ताला म्हणाला, "तू म्हन. आत्ता लावून देतो."

मुक्तानं पुडी फोडली होती, भांडं पुढे ठेवलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती.

"बाई, कोनतं पानी घालू?"

मला दोन गोष्टी माहीत होत्या. दोन-तीन दिवस बोरिंगचं पाणी पाजून त्याची हाडं वाकणार नव्हती, आणि त्या पाण्यात हगवणीचे जंतू नव्हते. हे एक. आज दांडा बसला तर तो पुन्हा कधी निघणार नाही, हे दुसरं. दारात उभ्या असलेल्या बायकांच्या कडेवर पोरं होती. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"विहिरीचं," मी म्हटलं. "खळखळ उकळून, निववून."

"तुमचं पोर असतं तं?"

"हेच सांगितलं असतं."

तिनं मान हलवली आणि चुलीवर भांडं चढवलं. नाईक दांडा खांद्यावर टाकून परत गेला.

तो दिवस आणि पुढचे दोन दिवस मी मुक्ताच्या घरीच बसून काढले, संध्याकाळी खाली उतरायचं आणि उजाडताच चढायचं. गाडी आली होती, डॉक्टरांनी पोडावर येऊन पाहिलं, हेच चालू ठेवा म्हणाले. पहिले दोन दिवस पोर हातात राहील असं वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं लघवी केली. मग आईच्या पदराशी तोंड घुसळलं. मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं त्याला पाजायला घेतलं आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. दांडा परत बसला नाही. सहा वर्षांनी नळयोजना आली, तिचं पाणी तलावातून होतं. दुसऱ्या एका उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यानं हगवण पसरली, पण पाणी उकळण्याची सवय राहिली होती, कुणी दगावलं नाही. सुमनचे पाय सरळ झाले नाहीत. नागपूरला नेऊन एका पायाचं ऑपरेशन केलं, दुसऱ्याला डॉक्टरांनी हात लावला नाही. ती शिवणयंत्र चालवते, हाताचं, कारण पायाचं जमत नाही. मारोती जंगल खात्यात रोजंदारीवर आहे. त्याच्या बरोबरीच्या पोरांनी पुढे पोडाची कबड्डीची टीम केली. मी निवृत्त झाले तेव्हा कार्यालयानं माझा सत्कार केला. भाषणात एक साहेब म्हणाले, प्रमिलाबाईंनी नुसत्या निरीक्षणातून एका वस्तीचा आजार शोधून काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेऊन खाली बसले.

मुक्ताच्या घरातल्या त्या तिसऱ्या दुपारची एक गोष्ट मी तिथे सांगितली नाही. कुठेच सांगितली नाही.

पोर दूध पिऊन झोपलं होतं. घरात आम्ही दोघीच होतो. मुक्तानं डोळे उघडले आणि म्हणाली, "बाई, एक इचारू?"

"विचार."

"बारा साल झाले तुमी आमच्या पोडावर येता. आमच्या घरचं पानी तुमी कधी पेल्या नाई. बोरिंगचं बी नाई. खालून आपली बाटली भरून आनता."

ते खरं होतं. मी म्हटलं, "मचूळ लागायचं ते."

"हो?" तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. "आमाले वाटे, आमच्या हातचं तुमाले चालत नसंल. म्हनून कोनी इचारलं नाई. मी एकदा इचारनार होतो, सुमन पोटात होती तवा. मंग म्हटलं कायले बाईले लाजवाचं. इचारलं असतं तं बरं झालं असतं."

मचूळ लागायचं हे खरं होतं, बोरिंग झालं तेव्हा मी ओंजळभर चाखून पाहिलं होतं. माझ्या सासरी कोलामांच्या हातचं पाणी घेत नसत, हेही खरं होतं, आणि लग्न होऊन आले आणि कामाला लागले तेव्हा सासूनंच पहिल्या दिवशी ती बाटली भरून माझ्या पिशवीत ठेवली होती. पुढे ती मी आपली आपण भरू लागले. चव आवडत नाही म्हणून की सवय पडली म्हणून, हे स्वतःला विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. एवढं मात्र मला त्या पाण्याबद्दल पहिल्या वर्षापासून माहीत होतं, की ते मला नको होतं.

मुक्तानं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"आता हे बरं हाये," ती म्हणाली. "तुमी निंघा. उन्हं उतरले."